बाऊल फीडरच्या वर्कशॉपमध्ये मुलाला पाठवावं का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका आईंचं पत्र आहे. मुलाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालाय. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये बाऊल फीडर बनवण्याचं काम मिळतंय. घरचे म्हणतात, "स्क्रू हलवणाऱ्या भांड्यात काय आयुष्य काढणार? डी-टू-डीने, म्हणजे डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला, डिग्रीला जाऊ दे." रोबोट आल्यावर हे काम टिकेल का, अशी त्यांची स्वतःची काळजी.

ताई, नमस्कार.

आधी त्या भांड्याबद्दल बोलू, कारण घरातला वाद त्याच्यावरूनच आहे. ढिगाने ओतलेले स्क्रू एकामागे एक, सगळे एकाच बाजूने तोंड करून मशीनपुढे आणायचे, हे त्याचं काम. खाली विजेवर चुंबक होणारी कॉइल, तिच्यावर तिरक्या पट्टी-स्प्रिंगा, त्यांच्यावर बाऊल. कॉइल ओढते नि सोडते, तसा बाऊल किंचित वळतो आणि प्रत्येक स्क्रू बारीक उड्या घेत आतल्या गोल चढणीने वर येतो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला 100 झटके बसतात. बाऊल मोठा, जड असेल तर बहुधा 50 वर चालवतात.

खरी कारागिरी त्या चढणीवर आहे. तिच्यावरच्या पट्ट्या-खाचांना टूलिंग म्हणतात. एके ठिकाणी आडवी पट्टी असते, उभा आलेला स्क्रू तिला लागून खाली पडतो. पुढे खाच असते, तिच्यात स्क्रूचा दांडा उतरतो आणि तो डोक्यावर लटकत पुढे सरकतो. जो नीट बसला नाही तो तळाशी जाऊन पुन्हा चढायला लागतो. नुसत्या आकाराने केलेली ही निवड! स्क्रू बदलला की टूलिंग नव्याने करायचं: कापायचं, वेल्डिंग करायचं, कानस मारायची, चालवून बघायचं. पार्टला तेल लागलेलं असलं तरी चाल बदलते. हे हाताला आणि डोळ्याला कळायला वेळ द्यावा लागतो, आणि ज्याला कळतं त्याला कारखाने शोधत येतात. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली ते अशाच हातांसाठी, हे बडोदेकरांनी तरी विसरू नये.

रोबोटची भीती निम्मी खरी आहे. पार्ट सतत बदलत असतील तिथे कॅमेरा आणि रोबोटवाले फीडर येताहेत. पण एकच झाकण किंवा एकच स्क्रू दिवसभर भराभर लागतो, तिथे बाऊल स्वस्त पडतो आणि वेगानेही चालतो. म्हणून मुलाने संध्याकाळी पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कंट्रोलर) आणि सेन्सर शिकावेत. फीडर आणि पुढचं मशीन, दोन्ही जुळवणारा माणूस सहसा रिकामा बसत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: एक वर्ष जाऊ द्या. डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश त्यानंतरही घेता येतो, आणि तेव्हा व्हायब्रेशनचा धडा त्याला नुसता पाठ करावा लागणार नाही.

मात्र हो म्हणण्यापूर्वी त्याने मालकांना विचारावं, "मला टूलिंगच्या टेबलावर कधी बसवाल?" उत्तर 'बघू' असं आलं आणि वर्षभर पॉलिशच मारायचं असेल, तर खुशाल डी-टू-डीचा फॉर्म भरा. आणि कामावर गेलाच, तर कानात प्लग पहिल्या दिवसापासून. बाऊलचा खडखडाट दिवसभर चालतो आणि गेलेलं ऐकू येणं परत मिळत नाही. एवढं तुम्ही आई म्हणून हट्टाने सांगा.