पक्षाघातानंतर आईंना घरी आणताना : नर्स किती वेळ आणि मदतनीस किती वेळ

नमस्कार. आपला प्रश्न मला समजला तो असा. नाशिकला राहणाऱ्या आपल्या ७६ वर्षांच्या आईंना पक्षाघात झाला आहे, उजवी बाजू लुळी पडली आहे आणि बोलणे जवळजवळ थांबले आहे. अन्नासाठी नाकातून नळी आणि लघवीसाठी कॅथेटर आहे. चार-पाच दिवसांत डिस्चार्ज मिळेल. घरी ८० वर्षांचे वडील आहेत, आपण पुण्यात नोकरीला आहात आणि भाऊ अमेरिकेत. घरी नर्स आणि मदतनीस पुरवणारा एक ब्युरो ‘चोवीस तासांची नर्स’ द्यायला तयार आहे, ती ठेवावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या सासूबाईंचे अंथरुणावरचे आजारपण आम्ही काही वर्षे घरीच सांभाळले आणि नंतर परिचयातल्या अनेक कुटुंबांना अशी व्यवस्था लावताना मी सोबत केली आहे. त्या आधारावर लिहीत आहे.

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या आईंना चोवीस तास नर्सची गरज नाही. त्यांना चोवीस तास जाग्या माणसाची गरज आहे, आणि नर्सची गरज ठरावीक कामांपुरती, पण ती कामे खऱ्या नर्सनेच करावीत अशी आहे. ब्युरो या दोन गोष्टी एकाच नावाखाली देतात आणि कुटुंबाचा पैसा व रुग्णाची सुरक्षितता दोन्ही तिथेच निसटतात. बारा तास घरी बसणाऱ्या ‘नर्स’ पुष्कळदा सहा महिन्यांचे रुग्णसहायकाचे प्रशिक्षण घेतलेल्या, किंवा एखाद्या रुग्णालयात आया म्हणून काम करून शिकलेल्या असतात. त्यांतल्या कित्येक जणी अतिशय मायेने आणि नेटकेपणाने काम करतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु नाकातली नळी बदलणे, कॅथेटर घालणे, सलाइन लावणे ही त्यांची कामे नव्हेत. नर्स म्हणजे एएनएम हा दोन वर्षांचा, जीएनएम हा तीन वर्षांचा किंवा बीएस्सी नर्सिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करून परिचर्या परिषदेकडे नोंदणी झालेली व्यक्ती. नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणून सांगण्यात संकोच बाळगू नये. ज्या ब्युरोकडे खरोखर नर्स आहेत, त्यांना या मागणीचा राग येत नाही.

म्हणून मी असे सुचवेन : दिवसा बारा तासांची एक मदतनीस, रात्री बारा तासांची दुसरी, आणि नोंदणीकृत नर्सची भेट सुरुवातीला रोज, नंतर आठवड्यातून दोन-तीनदा. एकाच बाईला चोवीस तास ठेवणे स्वस्त वाटते. पण दर दोन तासांनी कूस बदलायची असेल, तर रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी तितक्याच दक्षतेने नळीवाटे अन्न देणे कोणत्याही माणसाला शक्य नाही. आठवड्याभरात ती रात्री झोपणार, आणि त्यात तिचा दोष नसेल.

कुशीचा मुद्दा मी मुद्दाम विस्ताराने मांडतो, कारण घरी आणलेल्या रुग्णाची प्रकृती सर्वाधिक वेळा तिथे बिघडताना मी पाहिली आहे. माकडहाड, नितंबांच्या बाजू आणि टाचा या तीन ठिकाणची त्वचा रोज स्पंज करताना उजेडात पाहावी. लालसर डाग दिसला आणि बोटाने दाबून सोडल्यावरही तो फिका होत नसेल, तर ती बेडसोरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजावी आणि त्याच दिवशी नर्सला दाखवावे. अशा जागी चोळू नये. पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर टाकण्याची जुनी सवय अनेक मदतनिसांना असते. स्पिरिटने त्वचा कोरडी होऊन अधिक नाजूक बनते, त्यामुळे ते पहिल्याच दिवशी प्रेमाने थांबवावे. कूस बदलताना रुग्णाला ओढून सरकवू नये, खाली आडवी चादर घालून दोघांनी उचलून सरकवावे. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्याव्यात. फुगणारी एअर मॅट्रेस जरूर घ्यावी, मात्र तिच्यावर जाड गोधडी अंथरली की तिचा उपयोग संपतो, आणि वीज गेल्यावर तिचा पंप बंद पडतो, म्हणून तो इन्व्हर्टरवर जोडावा. गादी आहे म्हणून कूस बदलणे बंद करता येत नाही. त्वचा चांगली राहिली तर रात्रीचे अंतर थोडे वाढवता येते, पण तो निर्णय नर्सने किंवा डॉक्टरांनी घ्यावा.

नाकातल्या नळीबाबत मदतनिसाला शिकवायचे ते रुग्णालयातच, डिस्चार्जच्या आधी, तिला तिथे बोलावून शिकवून घ्यावे. अन्न देण्यापूर्वी नाकपुडीजवळची खूण जागेवर आहे का हे पाहणे, डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच करणे, अन्न सावकाश सोडणे, शेवटी पाणी घालून नळी स्वच्छ करणे आणि त्यानंतर निदान अर्धा तास रुग्णाला आडवे न करणे, एवढे तिला स्वतः करून दाखवता आले पाहिजे. नळी थोडी जरी बाहेर सरकली, तरी ती कोणीही आत ढकलू नये. अन्न थांबवून नर्सला बोलवावे. ढकललेली नळी श्वासनलिकेकडे गेली असेल, तर पुढचे अन्न फुप्फुसात जाते. गोळ्यांविषयीही डॉक्टरांना विचारून घ्यावे, कारण काही गोळ्या कुटून नळीतून देता येत नाहीत आणि त्यांना पर्याय लिहून घ्यावा लागतो. घरातले ज्येष्ठ मायेपोटी चमचाभर पाणी किंवा पेज तोंडाने देऊ पाहतात. आपल्या वडिलांना हे आधीच समजावून सांगावे की गिळण्याची तपासणी होईपर्यंत एक घोटही धोक्याचा आहे. ती तपासणी स्पीच थेरपिस्ट करतात, आणि आईंचे बोलणे गेले असल्याने त्यांची गरज दुहेरी आहे. उजवी बाजू जाते तेव्हा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली असते आणि भाषेचे केंद्र बहुतेकांचे तिथेच असते. आईंना शब्द सापडत नसले, तरी बोललेले बरेचसे कळत असू शकते. त्यांच्या देखत त्यांच्याविषयी ‘त्यांना काही समजत नाही’ असे कोणीही बोलणार नाही, हा घराचा नियम असावा.

कॅथेटरबाबत एकच प्रश्न डॉक्टरांना विचारावा : ही नळी अजून का आहे आणि कधी काढायची? पुष्कळदा ती रुग्णालयातल्या सोयीसाठी घातलेली असते आणि कोणी विचारत नाही म्हणून घरापर्यंत येते. प्रत्येक जादा दिवसाबरोबर संसर्गाची शक्यता वाढते. ती राहणारच असेल, तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी आणि जमिनीला टेकू नये. ताप, गढूळ लघवी किंवा अचानक वाढलेली गुंगी दिसली की डॉक्टरांना कळवावे.

फिजिओथेरपीत काटकसर करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग बहुधा सर्वाधिक असतो. फिजिओथेरपिस्ट दिवसातून पाऊण तास येतील, पण उरलेले सव्वातेवीस तास आईंचा लुळा हात मदतनिसांच्या हाती असतो. उजव्या हाताला धरून आईंना कधीही ओढून उठवू नये; लुळ्या पडलेल्या बाजूचा खांदा अशाने निखळतो आणि त्याचे दुखणे महिनोन्‌महिने टिकते. बसवताना हाताखाली उशी, उठवताना आधार खांद्याच्या पात्यामागे. हे फिजिओथेरपिस्टने मदतनिसांना शिकवावे, अशी विनंती पहिल्याच भेटीत करावी.

ब्युरोशी बोलताना दराबरोबर चार गोष्टी लेखी घ्याव्यात : मदतनीस आली नाही तर बदली किती तासांत मिळेल, नोंदणी शुल्क आणि अनामत यांपैकी काय परत मिळेल, पोलीस पडताळणी झाली आहे का, आणि आपण देत असलेल्या रकमेतून तिच्या हाती किती पडतात. शेवटचा प्रश्न ब्युरोला आवडत नाही, तरी तो विचारावा. आमच्याकडे सुरुवातीला मदतनिसा सतत बदलत असत. पुढे कळले की ब्युरो त्यांना आमच्याकडून मिळणाऱ्या रकमेचा जेमतेम निम्मा भाग देत होता आणि तोही उशिरा. जिला वेळेवर पूर्ण पगार, आठवड्याची सुट्टी, गरम जेवण आणि टेकायला जागा मिळते ती टिकते, आणि बोलता न येणाऱ्या रुग्णासाठी ओळखीचा हात टिकणे हा उपचाराचाच भाग आहे. घरची धुणीभांडी आणि वडिलांचा स्वयंपाक तिच्यावर टाकू नये. त्यासाठी वेगळी बाई ठेवावी.

देखरेख मात्र विकत मिळत नाही. उशाशी एक वही ठेवावी आणि तिच्यात वेळेसह अन्न, पाणी, लघवीचे प्रमाण, शौच, कूस, औषधे, रक्तदाब आणि त्वचेची नोंद व्हावी. मदतनीस बदलताना दोघींनी ती वही आईंच्या खाटेजवळ उभे राहून वाचावी. आपण पुण्याहून शनिवार-रविवारी जाल तेव्हा आधी वही पाहावी, आणि रोज रात्री त्या पानाचा फोटो आपल्याकडे यावा. वडिलांवर हिशेबाची आणि औषधे आणण्याची जबाबदारी द्यावी, उचलण्याची मुळीच नाही; या वयात त्यांची कंबर किंवा खुबा गेला, तर एका घरात दोन खाटा मांडाव्या लागतील.

भाऊ परदेशात असले तरी कागदपत्रांची बाजू ते पूर्णपणे सांभाळू शकतात. आईंची आरोग्य विमा पॉलिसी असेल, तर घरी मिळणाऱ्या रुग्णालयीन उपचारांचे कलम आणि डिस्चार्जनंतर ठरावीक दिवसांपर्यंतच्या खर्चाचे कलम त्यांनी वाचावे. मदतनिसाचा पगार सहसा कोणत्याही पॉलिसीत बसत नाही, परंतु डॉक्टरांनी लेखी सांगितलेली फिजिओथेरपी, औषधे आणि तपासण्या काही पॉलिसींत बसतात, त्यामुळे प्रत्येक सल्ला लेखी आणि प्रत्येक पावती नावानिशी घ्यावी. आईंना कायमचे अपंगत्व राहिले, तर त्याचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचे राष्ट्रीय ओळखपत्र, यांसाठी अर्ज करता येतो; बहुतेक सवलतींसाठी मात्र अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असावे लागते. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे. तो वडिलांच्या फोनमध्ये साठवून ठेवावा. डिस्चार्जची तारीख ठरली की त्याच्या आदल्या दिवशी खाट, गादी आणि दोन्ही मदतनिसा घरात हजर असतील असे पाहावे. ते जमत नसेल, तर डॉक्टरांकडे आणखी दोन दिवस मागून घ्यावेत.