'कंचेभागुबेव' आणि माझा गेलेला एक गुण

डिचोलीहून आपण लिहिले आहे की, ३० − १२ + ६ या उदाहरणाचे उत्तर आपल्या मुलीने २४ काढले, शिकवणीत ते खोडून १२ करण्यात आले आणि 'कंचेभागुबेव'मध्ये (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम लक्षात ठेवण्यासाठीचा शब्द) बेरीज वजाबाकीच्या आधी येते, असे कारण देण्यात आले. आपली मुलगी बरोबर आहे. मी गणिताची शिक्षिका नाही, एका पतसंस्थेत हिशेब पाहते, त्यामुळे माझे म्हणणे जाणकाराकडून जरूर पडताळून घ्यावे. पण हेच दुखणे मी स्वतः भोगलेले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

बेरीज आणि वजाबाकी यांचा मान सारखाच आहे आणि दोन्ही एकत्र आल्या की डावीकडून उजवीकडे जायचे असते. गुणाकार-भागाकाराचेही तसेच. गंमत अशी की, त्या शब्दातला 'भागु' अक्षरशः पाळला तरी काही बिघडत नाही: ६ × ८ ÷ ४ मध्ये भागाकार आधी केला काय किंवा डावीकडून गेले काय, १२ च येतात. 'बेव' मात्र अक्षरशः पाळले की उदाहरण फसते, कारण १२ च्या मागचे वजाचे चिन्ह नकळत पुढच्या ६ वरही लागू होते. हा शब्द रचणाऱ्याने शेवटची दोन अक्षरे उलटी ठेवून 'वबे' म्हटले असते, तर निम्मे घोटाळे झालेच नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता माझी चूक. बऱ्याच वर्षांपूर्वी लिपिकपदाच्या लेखी परीक्षेत मला ४८ − १८ + १२ हे उदाहरण आले होते आणि मी ४२ या पर्यायावर खूण केली होती. काही दिवसांनी तात्पुरती उत्तरतालिका लागली, तीत उत्तर १८ छापलेले होते. मी ते पाहिले, शाळेत पाठ केलेला तोच शब्द आठवला, बेरीज आधी करून पाहिली, १८ आले, आणि आपलेच चुकले असे मानून गप्प बसले. छापील उत्तर समोर ठेवून त्याच्याकडे नेणारी वाट मी शोधली. स्वतःची रीत पुन्हा तपासली नाही. माझे सर्वांत मोठे नुकसान याच एका गोष्टीने केले.

आक्षेपाची मुदत उलटून गेल्यावर एका सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, दारात आला. घरात ४८ रुपये सुटे होते, त्यांतले १८ त्याला दिले, आणि त्याची सायकल वळते न वळते तोच शेजारीण उसने घेतलेले १२ परत करून गेली. हातात ४२ होते. मी तशीच पायरीवर बसून राहिले.

त्यानंतर संबंधित कार्यालयात तीन फेऱ्या झाल्या. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. पहिल्या वेळी विहित नमुन्यात अर्ज आणा असे सांगितले, दुसऱ्या वेळी फाईल ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते, आणि तिसऱ्या वेळी मुदत संपली आहे व तालिका तज्ज्ञांनी तपासलेली आहे, असे उत्तर मिळाले. ते तज्ज्ञ पाव घ्यायला जातात तेव्हा उरलेले पैसे कसे मोजतात, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. निवडयादीत मी एका गुणाने मागे राहिले. तालिका सुधारली असती तर इतरांचेही गुण वाढले असते, म्हणून नोकरी नक्की मिळाली असती असा माझा दावा नाही. पण रुखरुख गेलेली नाही.

म्हणून मुलीला एवढेच शिकवा की, तालिका उघडण्यापूर्वी आपल्या उत्तराशेजारी कारण लिहून ठेवायचे आणि शंका आली की आकड्यांना रुपये करून पाहायचे. पुढे कधी परीक्षेत आक्षेप घ्यावा लागला तर तो पहिल्याच दिवशी लेखी द्यावा आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. २०१९ साली इंटरनेटवर गाजलेले ८ ÷ २(२ + २) हे उदाहरण मात्र या वादात आणू नका. तेथे लिहिण्याची पद्धतच संदिग्ध असल्यामुळे १६ आणि १ असे दोन्ही पक्ष भांडत राहिले. आपले उदाहरण तसे नाही.

आपण दुसरा प्रश्न २, ४, ८ नंतर काय, असा विचारला आहे. तेथे शिकवणीचे उत्तर मुलीच्या उत्तराहून वेगळे असले तरी मी ते चूक म्हणणार नाही. दुप्पट धरली तर १६ येतात, फरक २, ४, ६ असा वाढता धरला तर १४ येतात, आणि दोन्ही उत्तरे नियमाला धरून आहेत. जास्त पदे दिली तरी खात्री नसते: वर्तुळावर बिंदू घेऊन ते सर्व एकमेकांना जोडले, आणि आतल्या कोणत्याही एका ठिकाणी तीन रेषा एकत्र येऊ दिल्या नाहीत, तर १, २, ४, ८, १६ असे भाग पडत जातात आणि सहाव्या बिंदूला ३२ न पडता ३१ च पडतात. मुलीला हे कागदावर काढून मोजू द्या.

राहता राहिले शिकवणीतले गुरुजी. त्यांच्याशी वही घेऊन वाद घालू नये असे मला वाटते. ३० रुपये घेऊन जा, त्यांतले १२ त्यांच्या हातात द्या, वर ६ परत मागा, आणि आपल्याजवळ किती झाले ते त्यांनाच मोजायला सांगा.