रिपोर्ट नॉर्मल, पण पाळी बेभरवशाची आणि झोप उडालेली: हा पेरिमेनोपॉज असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 44 आहे, पाळी कधी 22 दिवसांनी येते तर कधी 40, पहाटे जाग येते ती येतेच, कारण नसताना रडू फुटतं, छातीत धडधडतं आणि डॉक्टर म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत. या वर्णनावरून हा पेरिमेनोपॉज, म्हणजे पाळी कायमची थांबण्याआधीचा बदलाचा काळ, असण्याची शक्यता बरीच आहे. मी डॉक्टर नाही, पण गेली काही वर्षं स्वतः यातून जातेय आणि माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना प्रश्न विचारून भंडावून सोडलंय.

पाळी चालू आहे म्हणजे अजून अवकाश आहे, असं आपल्याकडे बहुतेकींना वाटतं. पण त्रासाची वर्षं बऱ्याचदा पाळी चालू असतानाचीच असतात. सलग 12 महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला म्हणतात. भारतात तो साधारण 46-47व्या वर्षी येतो आणि त्याआधी चार-पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त, ही उलथापालथ चालते. तेव्हा 44 हे वय काही लवकर नाही.

नॉर्मल रिपोर्टचं म्हणाल, तर या काळात इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन सरळ उतरत जात नाही, वरखाली होत राहतं. एके दिवशी रक्त दिलं आणि एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हार्मोन) नॉर्मल आलं, तर ते त्या दिवसापुरतंच खरं. पंचेचाळिशीनंतर तर निदान बहुतेक लक्षणांवरून आणि पाळीच्या नोंदींवरूनच करतात. चाळिशीच्या आत असं होत असेल तर मात्र हार्मोनच्या तपासण्या करायलाच हव्यात.

म्हणून आधी नोंद ठेवा. मी कालनिर्णयच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते. पाळीच्या दिवसाला गोल, जास्त गेलं तर गोलात फुली, रात्री घामाने उठले तर ‘घा’, झोप मोडली तर ‘झो’. तीन-चार महिन्यांची पानं उलटली की अंदाज येतो. लागोपाठच्या दोन पाळ्यांच्या अंतरात वारंवार 7 किंवा जास्त दिवसांचा फरक पडू लागला, तर ती सुरुवात मानतात. 60 दिवस पाळी आलीच नाही, तर पुढचा टप्पा.

वाफा येत नाहीत म्हणून हे नव्हेच, असं समजू नका. कित्येकींची आधी झोप आणि मन बिघडतं. वाफा आल्या की मात्र ओळखू येतात. छातीतून गरम लाट निघते, मान, कान, चेहरा तापतो, केसांच्या मुळाशी घाम फुटतो, दोन-चार मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग चक्क थंडी वाजते. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र या काळात हळवं होतं, अंग जरासं तापलं तरी घाम काढायला लावतं. गरम चहा, तिखट जेवण, कोंडलेली खोली एवढं निमित्त पुरतं. संध्याकाळनंतरचा चहा बंद केल्यावर माझ्या रात्री बऱ्याच सुधारल्या.

पण सगळंच हार्मोनवर ढकलू नका. थायरॉइड बिघडला तरी धडधड, घाम, चिडचिड होते, पाळीही बिघडते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, आणि त्यानेही धडधडतं. त्यामुळे थायरॉइडची टीएसएच तपासणी, हिमोग्लोबिन, साखर, बी 12 आणि तुमच्या धडधडीसाठी बीपी नि ईसीजी हे झालंय ना, बघा.

या त्रासावर देतात त्या हार्मोनच्या औषधांचं नाव काढलं की ‘कॅन्सर होतो’ हे ऐकायला मिळतंच. ही भीती पसरली ती 2002 मध्ये, अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासातून. त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं 63! नंतर वयानुसार आकडे तपासले, तेव्हा साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून 10 वर्षांच्या आत औषध सुरू केलेल्या निरोगी बायकांना बहुधा धोक्यापेक्षा फायदा जास्त दिसला. स्तनाचा कॅन्सर, रक्तवाहिनीत गाठ किंवा यकृताचा गंभीर आजार असेल तर नको. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणायची ही औषधं नव्हेत. हार्मोन चालत नसतील तर वाफांसाठी दुसऱ्या गोळ्याही आहेत, डॉक्टरांना विचारा.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. दर तासाला पॅड बदलावं लागत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर ‘वयाचं आहे’ म्हणून घरी बसू नका. सोनोग्राफी आणि गरज असेल तर अस्तराची तपासणी करून घ्या. आणि कुणी पहिल्याच भेटीत ‘पिशवी काढून टाका’ म्हणालं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांची सरकारी चौकशी झाली, त्यातल्या कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायची हार्मोनची तांबी आहे; कॅन्सर किंवा मोठ्या फायब्रॉइडसारखं कारण नसेल तर आधी हे उपाय करून बघता येतात.

एक राहिलं. पाळी लांबली की आधी गरोदरपणाची चाचणी करा. या वयातही दिवस राहू शकतात. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे 2 वर्षं आणि पन्नाशीनंतर थांबली तर 1 वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवायला सांगतात.