बॉम्बचे कारखाने बंद झाले, तर कामगारांनी जायचं कुठं?

प्रश्न : ताई, मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहे. वडील गिरणीत होते. ती बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. अण्वस्त्रं मोडून तो पैसा लोकांच्या गरजांवर खर्च करायचा कायदा अमेरिकेत मांडलाय, असं मुलगी सांगत होती. ऐकायला चांगलं वाटतं. पण त्या कारखान्यांतल्या माणसांनी जायचं कुठं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मुलगी बरोबर सांगते. १९९३ मध्ये अमेरिकेच्या राजधानीतल्या, वॉशिंग्टन शहराच्या मतदारांनी सार्वमतात या विचाराला कौल दिला. १९९४ पासून तिथल्या प्रतिनिधी एलिनॉर होम्स नॉर्टन यांनी तसं विधेयक पुन्हा पुन्हा मांडलं. राजधानीच्या प्रतिनिधीला सभागृहाच्या अंतिम मतदानात मत नसतं. तरी त्या मांडत राहिल्या, याचं मला फार मोल वाटतं.

२०१९ च्या मसुद्यात म्हटलंय, अमेरिकेनं अण्वस्त्रबंदी करार स्वीकारावा आणि अण्वस्त्र उद्योगातली साधनं व माणसं हवामान संकटासारख्या कामांकडे वळवावीत. 'माणसं' हा शब्द मी दोनदा वाचला.

माझे वडील सूतखात्यात होते. फाटकावर नोटीस लागली त्या दिवशी ते भरलेला डबा तसाच घेऊन घरी आले. यंत्रांना भंगाराचा का होईना, भाव आला. तीस वर्षं तुटलेले धागे जोडणाऱ्या माणसाला पुढं काय करणार, हे कुणी विचारलं नाही. नंतर ते एका दुकानात रात्रीचे राखणदार झाले. आईनं विड्या वळून आमची फी भरली.

कामगारांना वळवता येतं, याचं उदाहरण आहे. डेन्व्हरजवळच्या रॉकी फ्लॅट्समध्ये अणुबॉम्बचे प्लुटोनियमचे गाभे बनत. १९८९ मध्ये उत्पादन थांबलं. पुढं तिथल्याच अनेक कामगारांनी इमारती मोडण्याचं, जागा स्वच्छ करण्याचं काम केलं. २००५ मध्ये ते पुरं झालं. आज तिथल्या बऱ्याच जमिनीवर वन्यजीव अभयारण्य आहे. पण या सगळ्याला काही अब्ज डॉलर लागले. शस्त्रं मोडली की पैसा लगेच हातात पडतो, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त कळेल. चादरीच्या मागावर टॉवेल काढायचा तर टॉवेलवरच्या फाशांसाठी सुताचा वेगळा बीम चढवावा लागतो, जोडणी बदलावी लागते. तेवढे दिवस माग उभा. त्या दिवसांची मजुरी कोण देणार, हे मागाला हात लावण्याआधी ठरलं पाहिजे. बॉम्बच्या कारखान्यालाही माझा हाच नियम.

आपला देशही त्या अण्वस्त्रबंदी करारात नाही. तो २०१७ मध्ये १२२ देशांच्या मतांनी संमत झाला, २०२१ मध्ये लागू झाला. भारतानं त्यात यावं असं मला मनापासून वाटतं, आणि मी खासदारांना तसं लिहिलंय. तुम्हीही मुलीला बरोबर घेऊन लिहा. पत्रात तुमचा हा प्रश्न सर्वांत वर घाला. घरं, दवाखाने, उजनीचं पाणी, सगळं त्याच्याखाली.