आईच्या डब्यातल्या दोन गोळ्या

प्रश्न: काका, नमस्कार. आईला संधिवात आहे, दर रविवारी ती मेथोट्रेक्सेट घेते आणि मंगळवारी फोलिक ॲसिड. दुकानदार म्हणाला की पहिली गोळी दुसरीच्या उलट काम करते. मग दोन्ही कशाला? आणि फॅमिली ग्रुपवर आलंय की दोन्ही औषधं एका आंध्रच्या माणसानं अमेरिकेत शोधली आणि त्याचं नोबेल हुकवलं गेलं, हे खरं आहे का? माझा भाऊ बोस्टनला पोस्टडॉकसाठी निघालाय, तेव्हापासून आई त्याला रोज हेच वाचून दाखवते.
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर: ताई, तुमच्या आईच्या डब्यात त्या दोन गोळ्या शेजारी शेजारी आहेत ना, त्या खरंच एकाच माणसाच्या लॅबमधून निघाल्यात. डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव, जन्म १८९५, गाव भीमावरम. मी तीस वर्षं दवाबाजारात काढली, रोज या गोळ्यांचे पत्ते विकले, आणि या माणसाचं नाव मला रिटायर झाल्यावर कळलं, याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मद्रासला डॉक्टरी शिकताना ते गांधीजींच्या हाकेनं खादी घालायला लागले, सर्जरीचे इंग्रज प्राध्यापक चिडले, आणि एमबीबीएसऐवजी हातात पडलं कमी दर्जाचं एलएमएस. मग तिथल्याच आयुर्वेद कॉलेजात शिकवलं. घरात मोठा भाऊ स्प्रूनं गेलेला, म्हणजे खाल्लेलं अंगी लागत नाही, जुलाब थांबत नाहीत, माणूस पांढरा फटक पडत जातो. हे त्यांच्या मनातून कधी गेलं नसणार असं मला वाटतं. ऑक्टोबर १९२३ मध्ये ते बोस्टनला पोचले, हार्वर्डला उष्ण प्रदेशातल्या रोगांचा कोर्स करायला. स्कॉलरशिप नाही, एलएमएसवर तिथे डॉक्टरची नोकरी नाही, म्हणून हॉस्पिटलात रात्रपाळीला पेशंटची भांडी धुतली. दिवसा शिकायचं, रात्री बेडपॅन.

पुढे हार्वर्डचे सायरस फिस्के यांच्यासोबत १९२५ मध्ये रक्तातलं-लघवीतलं फॉस्फरस मोजायची पद्धत काढली. निळा रंग येतो, जितका गडद तितकं फॉस्फरस जास्त. बायोकेमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मुलं अजूनही 'फिस्के-सुब्बाराव' करतात, तुमच्या भावानंही केलं असेल. त्याच रस्त्यानं १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे स्नायूतला ऊर्जेचा साठा, आणि १९२९ मध्ये एटीपी, म्हणजे स्नायू ज्याच्यावर चालतो तो पेशीतला रोकडा. एटीपी जर्मनीत लोहमान यांनीही त्याच वर्षी काढलं, ते ग्रुपवरच्या मेसेजमध्ये नसतं. इतकं करूनही हार्वर्डनं कायमची जागा दिली नाही, तेव्हा १९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हरला लेडर्ली कंपनीत गेले आणि तिथे रिसर्चचे प्रमुख झाले.

आता तुमच्या गोळ्या. त्यांच्या टीमनं १९४५ मध्ये फोलिक ॲसिड लॅबमध्ये बनवलं. याची सुरुवात मुंबईत झालीय बरं का, १९२८ च्या सुमारास लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांचा ॲनिमिया तपासत होत्या आणि त्यांना दिसलं की यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो, त्या अर्कात होतं ते हेच. आणि स्प्रूच्या पेशंटचं रक्त यानंच सुधारलं. भाऊ जाऊन तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती.

मग बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर मुलांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, काही मिळतं का बघत होते. फोलिक ॲसिडच्या जातीतलं औषध दिलं तर ल्युकेमिया उलट वाढल्यासारखा दिसला. म्हणजे या पेशींना तेच हवंय! तर ते तोडा. सुब्बाराव यांच्या केमिस्ट लोकांनी फोलिक ॲसिडसारखंच दिसणारं, एखाद-दुसऱ्या ठिकाणी बदललेलं रसायन बनवलं, पेशी ते खरं समजून धरून बसते आणि तिची वाढ अडते. पहिलं अमिनोप्टेरिन, त्याचाच भाऊ मेथोट्रेक्सेट. १९४८ मध्ये फार्बर यांनी छापलं की सोळा मुलांपैकी दहा जणांचा आजार काही काळ मागे हटला. तो काही महिन्यांचाच दिलासा होता, पण तोवर औषधानं मुलांचा असा ल्युकेमिया हटतो हेच कुणी पाहिलं नव्हतं.

आईला याच औषधाचा अगदी छोटा डोस असतो, सांध्यांची सूज दाबायला. पण तेवढ्यानंही तोंड येतं, मळमळतं, म्हणून वेगळ्या दिवशी फोलिक ॲसिड देतात, दिवस मात्र डॉक्टरांनी सांगितला तोच. आणि कृपा करून पत्त्यावर लाल पेननं वार लिहून ठेवा. एक आजोबा आठवडाभर ही गोळी रोज घेत बसले होते, दुकानात आले तेव्हा तोंडात इतके फोड की पाण्याचा घोट घेता येईना, सून चमच्यानं पाजत होती. तेव्हापासून मी प्रत्येक पत्त्यावर 'आठवड्यातून एकदाच' लिहून द्यायला लागलो.

नोबेलचं म्हणाल तर 'हुकवलं' असं मी म्हणणार नाही, ऑगस्ट १९४८ मध्ये त्रेपन्नाव्या वर्षी ते झोपेतच गेले, फार्बर यांचा पेपर येऊन दोनच महिने झाले होते आणि मेल्यावर नोबेल देत नाहीत. मला जास्त लागतं ते वेगळंच. १९२३ मध्येच अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ठरवलं होतं की भारतीय माणूस तिथला नागरिक होऊ शकत नाही, १९४६ मध्ये कायदा बदलला तरी सुब्बाराव यांनी नागरिकत्व घेतलं नाही आणि परतही आले नाहीत. मागे बायको होती, मुलगा झाला तो तान्हा असतानाच गेला, बापानं त्याला पाहिलं नाही. हत्तीपायावरची डीईसी गोळी त्यांच्याच लॅबची, १९४७ ची, आपल्या देशात लाखो लोकांनी घेतली. त्या माउलीला कुणी जाऊन हे सांगितलं असेल का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

भावाला सांगा, बोस्टनला गेल्यावर दर रविवारी आईला फोन कर, गोळीच्या वेळेला.

प्रश्न: काका, आपल्या इंदूरचं कुणी असं बाहेर जाऊन संशोधन केलंय का?
– एक विद्यार्थिनी, टिळकनगर, इंदूर

उत्तर: बेटा, कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, १९११ मध्ये इथेच जन्मल्या. बंगलोरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून आधी नाहीच म्हटलं, त्या हटल्या नाहीत, शेवटी एक वर्ष बघू या अटीवर घेतलं. केंब्रिजला बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींतही सायटोक्रोम सी, म्हणजे पेशीला ऊर्जा मिळवायला लागणारं प्रथिन, असतं हे दाखवलं, १९३९ मध्ये पीएचडी घेतली आणि त्याच वर्षी परत आल्या. पुढे मुंबईत नीरेवर काम केलं, गरीब घरच्या मुलांना आणि गरोदर बायांना तिच्यातून पोषण मिळतं का ते तपासलं. बायोकेमिस्ट्री घ्यायची असेल तर खुशाल घे, घरचे काय म्हणतात ते मला परत लिही.