शार्लटचं काय चुकलं?

“मॅडम, हिच्या डोक्यातनं त्या कादंबऱ्या तेवढ्या काढा, लग्नाचं मग आम्ही बघतो.”

शब्द थोडे इकडेतिकडे, पण हे वाक्य रत्नागिरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत दर हंगामात येतं. बोलणारी बहुतेक वेळा आई असते, कधी मामा, क्वचित वडील. मुलगी पंचविशी ओलांडलेली, शिकलेली, नोकरी करणारी. स्थळं येतात, ती नाही म्हणते, का ते धड सांगत नाही. मग घरचे कारण शोधायला लागतात आणि उशाशी पडलेलं पुस्तक हाती लागतं. (मुलानं दहा मुली नाकारल्या तर त्याच्या क्रिकेटला कुणी दोष देत नाही, हे जाता जाता.) तरीही काळजी खोटी नसते, म्हणून एकदा सविस्तर लिहायला बसले. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. पुस्तक काढून घेऊ नका. ते जुनं, गाजलेलं, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं असेल तर मुळीच नको. तिनं ते पूर्ण वाचलंय का, एवढंच बघा.

पूर्ण म्हणजे काय, ते मुक्तामुळे सांगता येईल. नाव आणि ओळखीच्या खुणा अर्थातच बदलल्यात.

मुक्ता २७ वर्षांची. घर राजापूर तालुक्यात, नोकरी रत्नागिरीच्या एका पतसंस्थेत, शनिवारी एसटीनं गावी. एप्रिलात आई तिला घेऊन आली. देवगडकडचं एक स्थळ नुकतंच येऊन गेलं होतं आणि पोह्यांची बशी रिकामी व्हायच्या आत मुक्तानं ते मनातून मोडलं होतं.

“आंब्याची चारशे कलमं आहेत, कॅनिंगचं युनिट आहे, स्लॅबचं घर आहे. मुलगा दापोलीला शेतकी शिकलेला. आणखी काय हवं?” आई म्हणाली.

“कलमांशी लग्न करायचंय काय गो मला?”

“बघितलंत? हिला तो डार्शी हवा.”

डार्शी म्हणजे डार्सी, जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चा नायक. ही कादंबरी जानेवारी १८१३ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाली, तीही लेखिकेचं नाव न छापता. मुक्ताला ती बी.ए.ला होती आणि परीक्षा संपल्यावरही तिनं ती सोडली नव्हती. मैत्रिणींच्या फोनवरून नायकाचं नाव आईच्या कानापर्यंत पोचलं होतं, बाकी काही नाही.

मी मुक्ताला पुढच्या वेळी पुस्तकच घेऊन ये म्हटलं. जाड प्लास्टिकचं कव्हर, आपल्याकडच्या पावसाळ्यांनी पानांवर उमटवलेले तपकिरी ठिपके आणि समासात पेन्सिलच्या रेघा. माणूस काय बोलतो त्यापेक्षा तो कुठं रेघ मारतो, हे मला जास्त सांगून जातं. रेघा होत्या डार्सीच्या दोन्ही मागण्यांवर आणि त्याच्या त्या भव्य वाड्याच्या वर्णनावर. मधली बरीच पानं कोरी.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बेनेट कुटुंबात पाच मुली, मुलगा नाही. इस्टेटीचं उत्पन्न वर्षाला दोन हजार पौंड, पण ती जाणार पुरुष वारसाकडे. म्हणजे वडील गेले की राहतं घर कॉलिन्स नावाच्या दूरच्या भाऊबंदाचं. दुसरी मुलगी एलिझाबेथ. नाचाच्या समारंभात डार्सी तिच्या रूपाबद्दल तिला ऐकू जाईल असं तुच्छतेनं बोलतो आणि हा माणूस घमेंडखोर, हे तिचं तिथंच ठरतं. पुढं विकहॅम नावाचा गोडबोल्या अधिकारी डार्सीनं आपलं कसं वाटोळं केलं ते तिला रंगवून सांगतो. तिला ते खरं वाटतं, कारण तिला ते खरं वाटायलाच हवं असतं. डार्सी मागणी घालतो तेव्हा ती ती फेटाळते. दुसऱ्या दिवशी तो तिच्या हातात एक लांबलचक पत्र ठेवतो आणि निघून जातो.

पत्रानंतरचं, छत्तिसावं प्रकरण मी मुक्ताला मोठ्यानं वाचायला लावलं. त्यात घडत काहीच नाही. एक मुलगी रस्त्यावर फेऱ्या मारत पत्र वाचते, बस. आधी रागानं वाचते, यातलं एक अक्षर खरं नाही म्हणत मिटून ठेवते, आणि क्षणात पुन्हा उघडते. या वेळी वाक्यन्‌वाक्य तपासत. मग तिला विकहॅमबरोबरची ती संध्याकाळ आठवते. पहिल्याच ओळखीत, परक्या मुलीला, घरातली इतकी खासगी गोष्ट हा माणूस सांगत होता! तेव्हा आपल्याला त्यात वावगं कसं वाटलं नाही? आपण स्वतःलाच ओळखत नव्हतो, इथवर ती येऊन पोचते. त्या संध्याकाळचा एक शब्दही बदललेला नसतो, तिनं लावलेला अर्थ तेवढा बदलतो.

मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते. घडतं ते एक, त्याला आपण चिकटवतो तो अर्थ वेगळा, आणि त्रास बहुतेक त्या अर्थाचा असतो, हा आमचा पाया. समोरच्याला हे पटायला महिने जातात. ही पद्धत अमेरिकेत १९५५ च्या सुमारास आकाराला आली. ऑस्टिनबाईंनी तिचं प्रात्यक्षिक त्याच्या जवळजवळ दीडशे वर्षं आधी एका प्रकरणात करून ठेवलंय, हे मी प्रशिक्षणार्थींना दरवर्षी जरा तोऱ्यातच सांगते.

मुक्तापुढं मी कोरा कागद ठेवला. “मधे उभी रेघ मार. डावीकडं देवगडच्या मुलाचं काय दिसलं ते लिही, उजवीकडं तू काय ठरवलंस ते.”

डावीकडं आलं: सारखा फोन बघत होता. एकच प्रश्न विचारला, तोही पगाराचा. पोहे तसेच ठेवले. उजवीकडं: घमेंडी. पैशाचा लोभी. बायकोला किंमत देणार नाही.

“भेट कधी झाली?”

“मार्चअखेर.”

“वाशीला माल जायच्या दिवसात बागायतदाराचा फोन वाजणार नाही तर कधी वाजणार?”

ती कागदाकडं बघत राहिली. “म्हणजे तो चांगला आहे म्हणायचं?”

“मला काय माहीत? तुलाही माहीत नाही. एवढंच.”

इथं वाचकांची एक घाई होते. घमेंडी दिसला म्हणजे आतून डार्सीच असणार, असा सोयीचा धडा काढला जातो. कादंबरी तसं म्हणत नाही. तिच्यात गोड वाटलेला विकहॅम लबाड निघतो हे खरं, पण कॉलिन्स पहिल्या भेटीत जेवढा मूर्ख वाटतो तेवढाच शेवटच्या पानावरही असतो. पहिलं मत चुकतंच असं नाही. ते तपासलेलं असावं.

खरी गाठ सुटली ती त्यानंतर, आईला आत बोलावलं तेव्हा. मी मुक्ताला म्हटलं, “आईला शार्लटची गोष्ट सांग.”

“शार्लट? तिचं काय सांगायचं? तडजोड केली तिनं.”

“तेच सांग.”

शार्लट ही एलिझाबेथची जिवलग मैत्रीण. वय २७, रूप बेताचं, गाठीला पैसा नाही. एलिझाबेथ कॉलिन्सला नकार देते आणि तीन दिवसांच्या आत हाच कॉलिन्स शार्लटला मागणी घालतो. ती हो म्हणते. एलिझाबेथला धक्का बसतो, मैत्रीत अंतर पडतं. पुढं ती शार्लटच्या घरी राहायला जाते तेव्हा तिला दिसतं की शार्लटनं संसार नेटका लावलाय. नवऱ्याला ती बागकामाचा आग्रह करते, तेवढाच वेळ तो बाहेर. स्वतःच्या बसण्यासाठी मागची, तितकीशी प्रसन्न नसलेली खोली घेतलीय, म्हणजे तो तिथं फारसा फिरकत नाही.

आई पहिल्यांदा हसली. “हुशार आहे मेली.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “शार्लटचं काय चुकलं?”

“आई, तिचं प्रेम नव्हतं त्याच्यावर.”

“घर तर झालं ना तिचं?”

मुक्ता काही बोलायच्या आत आई सांगू लागली. वडील वारल्यावर भावांनी हक्कसोडपत्र पुढं केलं, तिनं सही केली. माहेर टिकावं म्हणून. “आता गेले की चार दिवसांची पाहुणी. आणि सासरचा सातबारा बघितलायस तू? अठरा नावं. बाबांचं आहे त्यात. माझं कुठं आहे? उद्या काय झालं तर मी कुणाच्या पडवीत बसू? तुझं तसं होऊ नये, दुसरं काय!”

मुक्तानं हे कधी ऐकलं नव्हतं. तिच्या लेखी आई म्हणजे स्थळांची यादी. आईनं स्वतःलाही हे असं स्पष्ट सांगितलं असेल की नाही, शंकाच आहे. लग्न, लग्न म्हणून जे चाललं होतं त्याच्या तळाशी घर होतं.

बराच वेळानं मुक्ता म्हणाली, “मी पगारावर कर्ज काढून रत्नागिरीत जागा घेतली तर? माझ्या नावावर?”

“मग कोण मागे लागतंय तुझ्या!”

बेनेटबाईंना, म्हणजे एलिझाबेथच्या आईला, प्रत्येक वाचक हसतो. त्या सारख्या ओरडतात, नको तिथं नको ते बोलतात, हे खरं. पण त्यांचा हिशेब चोख आहे, आणि तो त्यांच्याइतका जीव तोडून त्या घरात दुसरं कुणी मांडत नाही. आपल्याकडं २००५ च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. कागदावर बेनेट बहिणींचं दुखणं संपलं. कोकणातल्या घराघरांत मात्र बहिणीची सही अजूनही गणपतीच्या सुट्टीत, पंगत उठल्यावर मागितली जाते.

देवगडच्या मुलाला मुक्तानं स्वतः फोन करून पुन्हा भेटायला बोलावलं. तो तासभर बोलला, फुलकिड्यांबद्दल, डब्यांच्या भावाबद्दल, घरी एकट्या असलेल्या आईबद्दल. सरळ माणूस होता. पण नोकरी सोडून तिकडंच राहावं लागणार होतं आणि ते तिला नको होतं. तिनं नाही म्हटलं, आणि का, तेही त्याला सांगितलं. आई काही दिवस धुसफुसली. पुस्तकाचं नाव मात्र काढलं नाही.

मोबाइलवर रोज भाग येणाऱ्या प्रेमकथा मुली वाचतात. मला त्याचं वावडं नाही, विरंगुळा आहे. पण तिथं सगळं नायिकेच्या नजरेतून दिसतं आणि ती कधी चुकत नाही. जुन्या कादंबरीत शार्लटला तिचा हिशेब मांडायला जागा आहे, आईलाही आहे. ऑस्टिनला दोन्हीकडची किंमत ठाऊक होती. १८०२ च्या डिसेंबरात तिनं जमीनजुमला असलेल्या एका स्थळाला संध्याकाळी होकार दिला आणि दुसऱ्या सकाळी तो मागे घेतला. तेव्हा तिला सत्तावीस पूर्ण व्हायला दोन आठवडे होते. तीनच वर्षांत वडील गेले, मग आई आणि बहिणीसह ती भावांच्या आधारावर राहिली. या कादंबरीचे हक्क तिनं ११० पौंडांना विकले. अशी बाई शार्लटला मूर्ख ठरवत नाही आणि एलिझाबेथलाही शहाणपण शिकवत नाही.

तेव्हा मुलींनो, डार्सीची पानं पाठ झाली असतील तर एकदा शार्लटची वाचा. आणि आयांनो, ‘त्या पुस्तकात असं आहे तरी काय’ असं टोचून विचारू नका. ‘त्यातलं तुला कोण आवडत नाही आणि का’ एवढं विचारा. उत्तर ऐकताना बहुधा आपल्याबद्दलही काहीतरी कानावर येईल, ते सोसा. इंग्रजी येत नसेल तर लेकीकडून गोष्ट ऐका, मुक्ताच्या आईनं तशीच ऐकली. पुस्तकाचे हक्क कधीच संपलेत, इंटरनेटवर फुकट मिळतं. आणि रत्नागिरीकरांना वाचनालयाची वाट मी दाखवायला नको, आपलं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं.

मात्र नकारामागं वेगळंच काही असेल, म्हणजे आधीच कुणी मनात असेल, लग्नाचीच धास्ती असेल किंवा लग्न करायचंच नसेल, तर पुस्तकाच्या गप्पांनी भागणार नाही. मग या माझ्याकडं, किंवा जवळच्या कुणा समुपदेशकाकडं. पहिल्या भेटीत आईला बाहेरच्या बाकावर बसावं लागेल, ती तयारी ठेवून या.