वाचकांचे प्रश्न : विजापूरचा तट पायी बघायचा तर

प्रश्न (तासगाव) : विजापूरला दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा गोलघुमट, इब्राहिम रोजा आणि परत. या वेळी शहराच्या तटावरून पूर्ण फेरी मारायची आहे. जमेल का?

उत्तर : सलग फेरी जमणार नाही. तटाचा घेर साधारण १० किलोमीटर, बुरूज ९६. पण कुठे रस्त्यासाठी तट फोडलेला, कुठे घरं अगदी भिंतीला टेकलेली, कुठे वरची फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, बाभळींनी बुजलेली. अंतर दोन तासांचं वाटतं, पण दर थोड्या अंतरावर खाली उतरून गल्लीबोळांतून वळसा घ्यावा लागतो आणि अर्ध्यातच माणूस कंटाळतो. त्यापेक्षा एकच तुकडा घ्या आणि तो नीट बघा.

आमच्या मते तो तुकडा पश्चिमेचा. इब्राहिम रोजा तटाच्या बाहेर, पश्चिमेलाच आहे. तिथून शहराकडे या आणि आत शिरण्याची घाई न करता आधी बाहेरून, खंदकाच्या अंगाने तट बघा. मग मक्का दरवाजा आणि शहापूर दरवाजा यांच्या मधला शेर्जा बुरूज, त्यावरची मुलूखमैदान तोफ, आणि तिथून थोडं आत उपळी बुरूज. अंतर फार नाही, पण तीन तास हाताशी ठेवा. थंडीत दुपारी साडेतीनला सुरुवात केलीत तर पश्चिमेचं ऊन तटावर तिरपं पडतं आणि चिऱ्यांचे सांधे, जंग्या (मारा करायची भोकं), चर्या (तटाच्या माथ्यावरचे कंगोरे) उठून दिसतात. मार्चनंतर मात्र सकाळीच जा. सकाळी बाहेरच्या बाजूला तटाचीच सावली असते. दुपारनंतर तो काळा दगड तव्यासारखा तापतो.

प्रश्न (मिरज) : तट जागोजागी वेगळा का दिसतो? एके ठिकाणी घडीव चिरे, तर पुढे नुसता ओबडधोबड दगड.

उत्तर : फार चांगलं निरीक्षण. हा तट पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, १५६५ च्या सुमारास उभा राहिला. कामाचे टप्पे पाडून ते वेगवेगळ्या सरदारांकडे सोपवले होते, असं सांगतात. ज्याची जशी ऐपत आणि हौस, तसा त्याचा टप्पा. म्हणून बुरुजांचे आकारही एकसारखे नाहीत.

बांधणीची रीत मात्र सगळीकडे एकच: बाहेर एक दगडी भिंत, आत एक, आणि मधे दाबून भरलेली माती. वर फरसबंदी, म्हणजे फांजी. तोफगोळा बसला की बाहेरचे चिरे फुटतात, पण धक्का माती पिऊन टाकते. डोंगरी किल्ल्याला कडा असतो, भुईकोटाला नसतो. त्याची भिस्त या मातीवर आणि पुढच्या खंदकावर.

आज तट ढासळतो तोही याच मातीमुळे. वरची फरसबंदी उखडली की पावसाचं पाणी आत मुरतं, माती फुगते, पिंपळ-उंबराची मुळं सांध्यांत शिरतात आणि बाहेरची भिंत पोट काढते. गवंडी ज्याला ‘पोट आलं’ म्हणतात तेच. असं पोट दिसलं की त्याच्या खाली बसू नका आणि वरून त्याच्या कडेलाही जाऊ नका. पावसाळा संपल्यावरचे पहिले काही आठवडे जास्त जपायचे, कारण माती अजून ओलीच असते.

प्रश्न (जत) : मुलूखमैदान तोफेजवळ मुलांना काय दाखवावं?

उत्तर : आधी तोंड. सिंहासारखा जबडा उघडा आहे आणि दातांत हत्ती चिरडला जातो आहे. मुलांना वाकून बाजूने बघायला सांगा. समोरून फोटो काढणाऱ्यांच्या नजरेतून तो हत्ती बहुतेक वेळा सुटतो. मग मापं सांगा: लांबी १४ फुटांच्या वर, वजन सुमारे ५५ टन, नळीचं तोंड सव्वादोन फुटांहून रुंद. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहंमद बिन हसन रूमी याने ओतली. पुढे ती परांड्याला होती, तिथून १६३२ मध्ये विजापूरला आणली. १८५४ मध्ये हिचा लिलाव पुकारला तेव्हा बोली आली दीडशे रुपयांची, आणि सुदैवाने तो लिलाव रद्द झाला.

धातू घंटेचा आहे. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली तरी नाद येतो. दगडाने अजिबात ठोकू देऊ नका, त्याचे व्रण कायमचे राहतात.

प्रश्न (विटा) : सोबत सत्तरीचे आईवडील आहेत. उपळी बुरुजावर चढतील का?

उत्तर : बुरूज सुमारे ८० फूट उंच आहे. जिना बाहेरून बुरुजाला वळसा घालत जातो, पायऱ्या उंच आहेत. गुडघ्याचा त्रास असेल तर खालीच थांबवा. चढणाऱ्यांनी भिंतीकडची बाजू धरावी. उतरताना तर नक्कीच. वरची लांब तोफ मुलूखमैदानासारखी ओतीव नाही. लोखंडी पट्ट्या जोडून त्यांवर कडी चढवली आहेत, ती कडी हाताला लागतात.

प्रश्न (सांगली) : एका दिवसात जाऊन येता येईल का? सोबत काय घ्यावं?

उत्तर : जतमार्गे साधारण दीडशे किलोमीटर. पहाटे पाचला निघून रात्री परत येता येतं, पण तट बघायचा तर एक मुक्काम कराच. दुसऱ्या दिवशी उघडल्या उघडल्या गोलघुमटात शिरा. कुजबुजीच्या सज्जात हळू बोललेलंही पलीकडे ऐकू जातं, पण गर्दी वाढली की तिथे नुसता गलका होतो. समोरचं वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असतं.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, जाड तळव्याचे बूट. चपला नकोत, फांजीवर काटे असतात. रिक्षा किंवा टांगा ठरवताना ‘तट बाहेरून’ असं आधीच सांगा, नाहीतर तो थेट तोफेपाशी नेऊन सोडतो. खंदकात मात्र उतरू नका. कुठे सांडपाणी साचलेलं असतं, कुठे झाडोरा इतका दाट की पाय कशावर पडतो ते दिसत नाही.